एफडी मोडून पहिली आवृत्ती घ्यावी का?

पत्राचा सारांश: पत्र सांगलीहून आलं आहे. लिहिणारे ४७ वर्षांचे, साखर कारखान्यात केमिस्ट. शाळेत असताना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न हाती पडला आणि तेव्हापासून जुन्या विज्ञानकादंबऱ्या जमवायचा नाद लागला. आधी मराठी, मग इंग्रजी, आणि गेली काही वर्षं फक्त पहिल्या आवृत्त्या. आता लंडनच्या एका विक्रेत्याकडे एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'ची १८९८ची पहिली आवृत्ती आहे. सगळा खर्च धरून ती तीन लाखांच्या घरात जाते. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडावी लागेल, आणि मुलगी यंदा बारावीला आहे. पत्नीचा ठाम नकार आहे. आधीच्या दोन मोठ्या खरेद्या तिला सांगितलेल्याच नाहीत. त्यांचा प्रश्न असा: 'ही गुंतवणूक आहे हे तिला कसं पटवून देऊ?' जाता जाता आणखी एक विचारलं आहे. तालुक्यातल्या एका वाचनालयाचे शिक्के असलेली जुनी बांधीव मासिकं ओळखीच्या रद्दीवाल्याकडे आली आहेत. ती घेतली तर चालेल का?

नमस्कार,

तुमचं पत्र चांगलं चार पानी आहे. पुस्तकांबद्दल तुम्ही ज्या मायेने लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. तिसऱ्या पानावर मात्र मी अडखळले. तिथे तुम्ही लिहिता, '२०१९च्या पुरात संग्रह वाचला, कारण मी कारखान्यावर अडकलो होतो तरी हिने दोन्ही ट्रंका माळ्यावर चढवल्या होत्या.' आणि पुढच्याच ओळीत, 'पण तिला पुस्तकांचं काही पडलेलं नाही.'

ही दोन वाक्यं एकमेकांना धरून नाहीत. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागात तळमजल्यावर राहणाऱ्या माणसांनी हाताला लागेल ते उचललं: धान्य, गॅसची टाकी, दाखले, दागिने. तुमच्याच पत्रात आहे की तुमच्या घरी गव्हाचं पोतं खाली राहिलं आणि भिजून आंबलं. पुस्तकांनी भरलेली पत्र्याची ट्रंक एकट्या माणसाला हलत नाही. म्हणजे वहिनींनी ती आधी रिकामी केली असणार, शिडीवरून थोडी थोडी पुस्तकं वर नेली असणार आणि वर नेऊन पुन्हा भरली असणार. पाणी उंबऱ्याशी आलेलं असताना हे करणाऱ्या बाईला पुस्तकांचं काही पडलेलं नाही, असं मला म्हणवत नाही. त्यांचा नकार पुस्तकांना नसावा, मुलीच्या एफडीला हात लावण्याला असावा. या दोन गोष्टी तुम्ही पत्रात एक करून टाकल्या आहेत, आणि घरातही तसंच झालं असेल असं वाटतं.

आता गुंतवणुकीचं बोलू, कारण तुमचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'ची १८१८ची पहिली आवृत्ती २०२१ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ११ लाख ७० हजार डॉलरला गेली, हा दाखला तुम्ही दिला आहे. बातमी खरी आहे. पण ती आवृत्ती मुळात ५०० प्रतींची, तीन खंडांची, आणि लिलावात आलेली प्रत मूळच्या पुठ्ठ्याच्या बांधणीतच टिकलेली होती. तशा प्रती जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १८९८चा वेल्स दुर्मिळ आहे, पण त्या जातीचा दुर्मिळ नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांकडे त्याच्या प्रती अधूनमधून येत राहतात.

शिवाय घेताना तुम्ही देता तो भाव आणि विकताना हातात पडतो तो भाव यांत मोठं अंतर असतं. घेताना व्यापाऱ्याचा नफा, कुरिअर, विमा, सीमाशुल्क आणि बँकेचा चलनबदलाचा आकार तुमच्या माथी. विकायची वेळ आली की सांगलीत गिऱ्हाईक नाही, म्हणजे पुस्तक परत विलायतेला धाडायचं. तिथे लिलावगृह विकणाऱ्याकडून कमिशन घेतं आणि घेणाऱ्यावर वेगळं शुल्क लावतं. व्यापाऱ्याला थेट विकलं तर त्यालाही स्वतःचा नफा ठेवायचा असतो, त्यामुळे तो छापील यादीतल्या भावाच्या बराच खाली बोलतो. आणि तुमच्या मुलीची फी भरायची तारीख या बाजाराच्या सोयीने ठरत नाही. एफडी मोडली तर थोडं व्याज जातं आणि पैसे संध्याकाळपर्यंत खात्यात येतात. वेल्स मोडायला सहा महिनेही लागू शकतील. म्हणून गुंतवणूक म्हणून विचारत असाल तर माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे, आणि या मुद्द्यावर वहिनींचं बरोबर आहे.

पण तुम्हाला ते पुस्तक पैशासाठी हवंय, यावर माझा विश्वासच बसत नाही. चार पानांत किमतीबद्दल तुम्ही पाच-सहा ओळी लिहिल्यात. त्या राखाडी कापडी बांधणीवरच्या काळ्या अक्षरांबद्दल मात्र अख्खं पान. सोळाव्या वर्षी मंगळावरून आलेली ती यंत्रं वाचून तुम्ही रात्री गच्चीवर जाऊन आकाश बघत बसलात, हेही त्यात आहे. मग घरी हेच का सांगत नाही? 'मला हे पुस्तक आवडतं, ते पहिल्यांदा छापलं गेलं तसं हातात धरावंसं वाटतं, आणि यातून पैसा होणार नाही.' हे बोलायला 'गुंतवणूक' म्हणण्यापेक्षा जास्त धीर लागतो. ऐकणाऱ्यालाही निदान खऱ्या गोष्टीवर हो किंवा नाही म्हणता येतं.

त्याआधी एक काम उरकायला हवं. त्या दोन खरेद्या सांगून टाका. पावत्या पुढे ठेवा, आकडा गोल करू नका. वहिनी चिडतील, आणि चिडण्याचा त्यांना हक्क आहे. त्या लपवलेल्या असताना तिसऱ्या पुस्तकाबद्दल तुम्ही कितीही गोड बोललात तरी पुढेमागे एखादं बँकेचं विवरण सगळं उघडं पाडेल, आणि मग पुस्तकं हा घरात कायमचा भांडणाचा विषय होऊन बसेल. अशी पत्रं मला बऱ्याचदा येतात. कुणी जुनी नाणी जमवतं, कुणी कॅमेरे, कुणी रेकॉर्डी. घरचा राग बहुधा वस्तूवर नसतो, लपवाछपवीवर असतो.

पैशाचं माझं सुचवणं असं. मुलीच्या एफडीला हात लावायचा नाही, हा विषय आजच संपवा. संग्रहासाठी वेगळं आवर्ती ठेव खातं काढा, दरमहा किती टाकायचे ते दोघांनी मिळून ठरवा, आणि त्यात जेवढे साठतील तेवढ्याच्या आत खरेदी. त्या पैशात काय घ्यायचं याचा हिशेब मग कुणी मागायचा नाही. या वेगाने वेल्सपर्यंत पोचायला काही वर्षं लागतील. लागू देत. 'आत्ता घेतलं नाही तर पुन्हा मिळणार नाही' हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय, आणि ते विक्रेत्याचं वाक्य आहे.

जेव्हा घ्याल तेव्हा नीट बघून घ्या. हे सगळ्याच नव्या संग्राहकांसाठी लिहिते आहे. विक्रेत्याकडून शीर्षकपान, त्याच्या मागचं पान, पुठ्ठा, पुस्तकाचा कणा आणि शेवटची पानं यांचे स्वच्छ फोटो मागवा. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत शेवटी प्रकाशकाच्या जाहिरातींची पानं जोडलेली असत. ती किती आहेत आणि कोणत्या सालची आहेत यावरून प्रत आधीची की नंतरची हे ठरवतात. एखादं पान काढलेलं, नंतर चिकटवलेलं किंवा दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलेलं आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. छपाईतल्या चुकाही खुणेच्या असतात. वेल्सच्याच 'द टाइम मशीन'च्या १८९५च्या अमेरिकन आवृत्तीत शीर्षकपानावर लेखकाचं नाव 'एच. एस. वेल्स' असं पडलं आहे. अमेरिकन पुनर्मुद्रणांपासून विशेष जपा. काही प्रकाशक मूळच्याच छपाईच्या पत्र्यांवरून स्वस्त आवृत्त्या काढत आणि मागच्या पानावरचं जुनं साल तसंच राही. ते साल बघून पुष्कळ लोक फसले आहेत.

आणि एक जात आहे जिच्याकडे तुम्ही बघितलेलंच दिसत नाही. हाइनमान, मॅकमिलन अशा विलायती प्रकाशकांनी हिंदुस्थान आणि इतर वसाहतींसाठी वेगळ्या 'कलोनियल' आवृत्त्या काढल्या होत्या. ही प्रत इंग्लंडात विकायची नाही, असं त्यांवर छापलेलं असे. मुंबईच्या थॅकर कंपनीसारख्या दुकानांतून त्या इथल्या वकील, मास्तर, संस्थानी अधिकारी अशा लोकांच्या घरी पोचल्या. संग्राहकांच्या बाजारात त्यांना लंडनच्या आवृत्तीइतका मान नाही, म्हणून भावही उतरलेला असतो. पण वेल्स आपल्याकडच्या वाचकाने प्रत्यक्षात ज्या रूपात वाचला असेल ते रूप हे. मला स्वतःला तुमच्या कपाटात लंडनच्या प्रतीपेक्षा ही प्रत बघायला जास्त आवडेल.

यावरून मूळ मुद्द्याशी येते. तुम्ही मराठी जमवायचं सोडलंत आणि इंग्रजीकडे वळलात, कारण तुमच्या शब्दांत, 'मराठीत पहिल्या आवृत्तीला कोण विचारतो?' कुणी विचारत नाही हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच ती पुस्तकं चालली आहेत. १८९८च्या वेल्सची काळजी घ्यायला मोठमोठी विद्यापीठं बसली आहेत. तुम्ही नाही घेतला तर दुसरा कुणीतरी तो तितक्याच प्रेमाने काचेच्या कपाटात ठेवील. मराठीतल्या सुरुवातीच्या विज्ञानकथांना असा वाली नाही. त्या ज्या कागदावर छापल्या तो बहुतेक लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद. तो आपोआप पिवळा पडतो, घडीवर तुटतो, बोटांत चुरा होतो.

आणि पहिली आवृत्ती म्हणजे पुस्तकच, हे तरी कशावरून? तुमची 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९७ साली 'पिअरसन्स मॅगझीन'मध्ये क्रमशः आली, पुस्तक पुढच्या वर्षी. मराठीत तर विज्ञानकथेचा जन्मच मासिकांत झाला. १९००च्या सुमाराला व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचं मराठी रूप 'केरळकोकिळ' मासिकातून क्रमशः आलं. हे मासिक १८८६ साली कोचीनला सुरू झालं. त्याचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये कुठले माहीत आहे? कराडजवळच्या टेंभूचे. टेंभू म्हटलं की सांगलीत आपल्याला उपसा योजनेचं पाणी आठवतं, फार तर आगरकरांचं जन्मगाव म्हणून आठवतं. पण मराठी वाचकाला व्हर्नबरोबर चंद्रावर धाडणारा संपादकही त्याच गावचा. कृष्णाकाठच्या माणसाने हे काम केलं. त्या अंकांच्या प्रती आज कुणाच्या माळ्यावर असतील तर त्या बहुधा सातारा, सांगली, पुणे, कोकण याच पट्ट्यातल्या जुन्या घरांत असतील. लंडनचा व्यापारी त्या शोधायला येणार नाही. तुम्ही मोटरसायकल काढून जाऊ शकता.

नंतरच्या काळातही हेच. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाचे अंक घ्या. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यांचा पहिला संग्रह 'यक्षांची देणगी' १९७९ साली मौज प्रकाशनाने काढला. त्याच्या पुढे बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आणि वाचनालयांत फिरतात त्या बहुतेक नंतरच्या. १९७९ची, मूळ मुखपृष्ठासह, वाचनालयाची बांधणी न झालेली प्रत तुमच्याकडे आहे का? पत्रातल्या यादीत मला ती दिसली नाही.

मराठी पुस्तक ओळखायला थोडी वेगळी नजर लागते. जुन्या पुस्तकांवर बऱ्याचदा शके असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं, आणि जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांतलं पुस्तक असेल तर ७९. 'आवृत्ती पहिली' असं छापलं नसेल तर शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त बघा. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे तिचे दोन भाग आहेत, आणि मराठी पुस्तकांच्या शोधात मला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही. एका माणसाने गावोगावची ग्रंथालयं पालथी घालून केलेलं काम आहे ते. सातारचं नगरवाचनालय किंवा वाईचं विश्वकोशाचं ग्रंथालय अशा ठिकाणी एकदा वही घेऊन जा. किंमत आण्यांत आहे की नव्या पैशांत, हेसुद्धा बघत चला. आपल्याकडे दशमान नाणी १९५७ साली आली, त्यामुळे साल नसलेल्या पुस्तकाचा अंदाज बांधायला ही खूण कामी येते.

आता रद्दीवाल्याकडच्या मासिकांचं. तुम्ही हा प्रश्न एका ओळीत विचारलात, पण मला तो वेल्सइतकाच महत्त्वाचा वाटतो. ती आधी उचला. आज रद्दीच्या भावाने घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला ती लगद्याला जातील. पण आपल्या कपाटात लावू नका. आतल्या शिक्क्यावर वाचनालयाचं नाव आणि दाखल क्रमांक असेल, तो टिपून घ्या आणि ग्रंथपालांना फोन करा. वाचनालयं जुनी, फाटकी पुस्तकं रीतसर निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून कमी करून, काढतात, त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव होतो. ही मासिकं अशी काढलेली असतील तर एका चिठ्ठीवर तसं लिहून घ्या, आणि मग ती निर्वेधपणे तुमची. काढलेली नसतील, म्हणजे चुकून किंवा कुणी परस्पर बाहेर नेलेली असतील, तर ती परत करायची. रद्दीचे पैसे जातील, जाऊ देत. सार्वजनिक वाचनालयाचा ठेवा खासगी कपाटात जाणं मला कुठल्याही कारणाने पटत नाही. परत देताना पानांचे फोटो काढू देण्याची परवानगी मागा, बहुतेक ग्रंथपाल आनंदाने देतात. फोटो स्वतःच्या अभ्यासापुरते ठेवा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनावर हक्क असतो, तेव्हा सगळंच सगळ्यांना वाटून टाकता येत नाही.

बांधीव मासिकांत एक नेहमी तपासा: मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं आत आहेत का. वाचनालयं बांधणी करताना ती काढून टाकत आणि कडाही छाटत. मुखपृष्ठासकट सुटा अंक मिळाला तर तो फाटका असला तरी घ्या.

जपणुकीबद्दल थोडक्यात सांगते. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. सांगलीच्या पावसाळी दमटपणात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, खालचा खण रिकामा ठेवा, आणि उघडीप मिळाली की कपाटाची दारं उघडी टाका. कसरीसाठी वेखंडाच्या पुरचुंड्या कोपऱ्यात, पुस्तकाला चिकटून नाही. पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नये, पानांत टिपकागद घालून पंख्याखाली वाळवावं. एकदम खूप भिजली तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये गोठवावीत, म्हणजे बुरशी धरायच्या आत सवडीने एकेक वाळवता येतात. आणि तुमच्या ट्रंका पुन्हा तळमजल्यावर आल्या आहेत असं पत्रावरून दिसतं. २०१९नंतर २०२१ही येऊन गेलं. ट्रंका या आठवड्यात वर न्या, आणि या वेळी दोघांनी मिळून.

संग्रहाची एक वही करा. प्रत्येक पुस्तकासमोर साल, आवृत्ती, कुठून घेतलं, कितीला, आज स्थिती कशी. लपवलेल्या दोन्ही खरेद्या तीत पहिल्यांदा लिहा. उद्या तुम्हाला काही झालं तर कुठल्या पुस्तकाचं काय करायचं हे वहिनींना आणि मुलीला त्या वहीतूनच कळेल. एरवी अशा घरांतून संग्रह किलोच्या भावाने बाहेर पडतात, आणि त्यात घरच्यांचा काही दोष नसतो, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मुलीला परीक्षा झाल्यावर फोटो काढायचं काम द्या, तिला हवं असेल तर.

लंडनच्या विक्रेत्याला आजच कळवा की या वर्षी जमणार नाही, पण पुढे अशी प्रत आली तर सांगावं. चांगले व्यापारी अशी नावं लिहून ठेवतात.

आणि सातारा-सांगलीकडच्या इतर वाचकांनो, दिवाळीच्या आधी माळा साफ करताना जुन्या मासिकांचे गठ्ठे निघतील. बांधून रद्दीत द्यायच्या आधी प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका बघा. चंद्र, मंगळ, यंत्रमानव, भविष्यातलं एखादं साल असं काही कथेच्या नावात दिसलं तर तो अंक बाजूला ठेवा, आणि मुखपृष्ठाचा व अनुक्रमणिकेचा फोटो या सदराकडे पाठवा. कुठल्या सालचा आहे आणि तो कुणाकडे द्यावा, हे मी कळवीन.